हिंसेतून गेलेल्या बाईची मुलाखत संशोधनासाठी घेताना

समाजकार्य शिकणाऱ्या मुली दरवर्षी प्रबंधाची प्रश्नावली घेऊन माझ्याकडे येतात. पहिलाच प्रश्न बहुतेकदा असा असतो: ‘तुमच्यावर कोणत्या प्रकारची हिंसा झाली?’ मी तो कागद परत देते. संशोधनाकडे वळण्याआधी नऊ वर्षं मी एका हॉस्पिटलच्या समुपदेशन खोलीत बसत होते. पंधरा वर्षं मार खाल्लेल्या बायका या प्रश्नाला ‘नाही हो, तसं काही नाही’ असं उत्तर देताना मी ऐकल्या आहेत. त्या खोटं बोलत नव्हत्या. ‘हिंसा’ हा आपला शब्द आहे, त्यांनी रोजच्या जगण्याला तो कधी लावलेलाच नसतो. म्हणून कृती विचारा. कधी थोबाडीत मारली का? केस धरून ओढलं का? गळा दाबला का? पगार काढून घेतला का? नको असताना जबरदस्ती केली का? हे प्रश्न विचारायला जड जातात. आधी मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे खोलीत तुमचा आवाज अडखळणार नाही.

पण प्रश्नावली हे दुसरं काम. पहिलं काम म्हणजे ती बाई आपल्यापर्यंत कशी येईल आणि घरी कशी परत जाईल, याचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी सुरक्षिततेचे नियम काढले. मी ते प्रत्येक विद्यार्थिनीला आधी वाचायला लावते. एका घरातल्या एकाच बाईची मुलाखत घ्यायची. बोलताना दोघीच असायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर असलं तर चालेल, त्याहून मोठं नको, कारण ते घरी जाऊन सांगू शकतं. अभ्यासाचं नाव बाहेर सांगताना ‘बायकांचं आरोग्य आणि आयुष्य’ असं काहीतरी सांगायचं. बाईला मात्र बोलणं सुरू होण्याआधी खरा विषय सांगायचाच. शिवाय आरोग्यावरच्या साध्या प्रश्नांचा एक वेगळा कागद हाताशी ठेवायचा. कोणी आत आलं की शांतपणे त्या कागदावर जायचं. दहा देशांतल्या २४ हजारांहून अधिक बायकांशी बोलून केलेला मोठा अभ्यास २००५ मध्ये आला, तो याच नियमांवर उभा होता.

हे नियम मला पाठ होते, तरी एकदा माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या मुलाखतीची वेळ ठरवायला मी एका ताईंना फोन केला. फोन उचलला गेला आणि पलीकडचा आवाज नीट न ऐकताच मी माझं नाव आणि आमच्या केंद्राचं नाव सांगून टाकलं. फोन तिच्या नवऱ्याच्या हातात होता. पुढचे तीन आठवडे तिला घराबाहेर पडता आलं नाही. हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं. तिने मला दोष दिला नाही, पण ते मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारते: फोन कोणकोण उचलतं? मेसेज कोण वाचतं? कोणत्या वेळी फोन केला तर चालेल? दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? उत्तर ती ठरवते. एकीने मला ‘शिवणाच्या क्लासच्या बाई’ केलं होतं, आणि दोन वर्षं मी तिच्यासाठी तीच होते. मेसेज शक्यतो पाठवूच नका. माहितीपत्रकही तिच्या पिशवीत परस्पर टाकू नका. ‘हा कागद घरी नेला तर चालेल का?’ असं विचारा.

संमतीपत्राबद्दल विद्यापीठं आग्रही असतात, आणि ते योग्यच आहे. पण सही केलेली प्रत घरी सापडली तर तो पुरावा होतो. त्यामुळे नैतिकता समितीकडे आधीच तोंडी संमतीची परवानगी मागा. कारण नीट लिहिलं की बहुतेकदा ती मिळते. संमती एकदा घेऊन भागत नाही. मी सुरुवातीला विचारते, अवघड प्रश्नांआधी विचारते आणि शेवटी पुन्हा विचारते: आज जे सांगितलंत, त्यातलं काही काढून टाकू का? गोपनीयतेची मर्यादाही सुरुवातीलाच सांगा. लहान मुलाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर तुमच्यावर काय बंधन येतं, हे तिला बोलण्याआधी माहीत हवं, नंतर नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बॉस्टनच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये परिचारिका ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर तातडीच्या विभागात आलेल्यांशी बोलायला सुरुवात केली. हॉस्पिटलमधून फोन आला की दिवस असो वा रात्र, त्या तिथे पोहोचत, आणि पुढे त्या बाईच्या संपर्कातही राहत. १९७४ मध्ये त्यांनी ९२ प्रौढ स्त्रियांबद्दल लिहिलं. त्यातली एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते. सुरुवातीच्या तासांत काही जणी रडतात, थरथरतात, अस्वस्थ होतात. काही जणी मात्र अगदी शांत आणि आवरलेल्या दिसतात. अशा दोन्ही तऱ्हांच्या बायका साधारण सारख्याच संख्येने होत्या. तुमच्यासमोर कोणी सपाट आवाजात, मध्येच हसत सांगत असेल तर नोंदवहीत ‘विश्वसनीय वाटत नाही’ असं लिहू नका. घटनांचा क्रम उलटसुलट झाला, तारखा जुळल्या नाहीत तरी तिला उलटतपासणीत उभं करू नका.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न मी टाळते. ‘का नाही निघालात?’ हा प्रश्न तिला सगळ्या जगाने विचारलेला असतो. त्याऐवजी ‘त्या दिवसांत तुम्ही स्वतःला आणि मुलांना कसं सांभाळलंत?’ असं विचारते. उत्तरात इतकं काही निघतं की माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर झालं. दाराजवळच्या चपला, शेजारणीशी ठरवलेली खूण, तो येण्याच्या वेळेआधी मुलांना झोपवणं. ती शहाणी आणि सावध होती, हे तिला अनेकदा पहिल्यांदाच ऐकायला मिळतं.

तारखा आठवत नसतील तर कॅलेंडर समोर ठेवा. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८०च्या दशकात धोका जोखण्याची एक पद्धत तयार केली. तिची सुरुवात गेल्या वर्षाच्या कॅलेंडरवर खुणा करण्यापासून होते. सण, वाढदिवस, मुलांच्या परीक्षा यांच्या आधाराने आठवणी येतात. ‘अधूनमधून व्हायचं’ म्हणणारी बाई पान उलटता उलटता गप्प होते, कारण खुणा दाट होत गेलेल्या तिला दिसतात. त्या क्षणी घाई करू नका. पेन खाली ठेवा.

गळा दाबल्याचा उल्लेख आला, तर मुलाखत तिथेच बाजूला ठेवा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त होती. अनेकदा बाहेरून वळही दिसत नाही. डॉक्टरांकडे जाणं का गरजेचं आहे ते तिला सांगा. अलीकडेच जबरदस्ती झाली असेल तर वेळेची मर्यादा असते: एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांच्या आत, आणि दोन्ही जितक्या लवकर तितकं बरं. यासाठी डॉक्टर, निवारागृह, वकील, समुपदेशक यांची यादी आधीच तयार हवी. प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतः एकदा जाऊन आलेल्या असाव्यात. बंद पडलेला नंबर हातात देणं फार क्रूर असतं.

‘सोडून द्या त्याला’ असं मात्र म्हणू नका. घर सोडण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने अनेकींसाठी सगळ्यात धोक्याचे असतात. कधी, कुठे, कोणासोबत, कागदपत्रं कुठे ठेवायची, हे ठरवायला तिला मदत करा. निर्णय तिचाच. दोघांना एकत्र बसवून समेट घडवण्याच्या भानगडीत तर पडूच नका. त्याच्यासमोर ती काय बोलू शकणार?

तिला काय म्हणायचं, हेही तिलाच विचारा. ‘पीडित’ म्हटलेलं अनेकींना टोचतं. पण एका ताईंनी मला ‘पीडितच लिहा, झालंय ते झालंय’ असं बजावलं होतं. मी तसंच लिहिलं.

घरी आल्यावर रेकॉर्डिंग कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा आणि फोनमधून लगेच काढा. नाव बदलणं पुरत नाही. मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा, एखादी विचित्र शिवी यावरूनही ओळख पटते. प्रत्येक उतारा तिच्या नवऱ्याने वाचला तर काय होईल, या नजरेने मी वाचते. शब्दांकन करणाऱ्या व्यक्तीलाही आधी सांगा की कानावर काय पडणार आहे. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती मी घेत नाही. इतरांच्या आघाताच्या गोष्टी सतत ऐकणाऱ्याची जगाकडे पाहण्याची नजरच बदलते, यावर मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्येच लिहून ठेवलं आहे. माझी झोप उडाली तेव्हा मी मार्गदर्शिकेला सांगितलं आणि महिनाभर क्षेत्रकाम थांबवलं. प्रबंध सहा महिने उशिरा झाला, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आणखी एक. रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नका. खरी गोष्ट पुष्कळदा तेव्हा येते. एक ताई पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि दहा मिनिटं उभ्यानेच बोलल्या. त्या दहा मिनिटांत माझ्या संशोधनाच्या प्रश्नाचं उत्तर होतं. मी विचारलं, ‘हे लिहू का?’ त्या म्हणाल्या, ‘नको, हे तुमच्याजवळ असू द्या.’ माझ्या प्रबंधात ते नाही.