बहिष्कारात सामील न होणाऱ्याविषयी मत बनवण्यापूर्वी

जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात संघर्ष झाल्यावर चिनी मालावर बहिष्काराचे आवाहन झाले, तेव्हा चिनी फोन घेणारा शेजारी अनेकांना देशद्रोही वाटू लागला. असा निवाडा करण्याआधी त्याच्यापुढे पर्याय कोणता होता, हे पाहावे. शाळा ऑनलाइन भरत असताना मुलासाठी स्वस्त फोन शोधणाऱ्या पालकाला दुकानात बहुतेक चिनी कंपन्यांचेच फोन दिसत होते. मग आपल्या घरातला औषधांचा डबा उघडावा. भारतात बनणाऱ्या कितीतरी गोळ्यांचा कच्चा माल चीनमधूनच येतो. 1905 नंतरच्या स्वदेशी चळवळीत बंगालमधील गरीब शेतकऱ्यांवर महाग देशी कापडाची सक्ती झाली आणि त्यातून चळवळीविषयीच कटुता वाढली, हेही ध्यानात ठेवावे.

ऐपत आणि माहिती दोन्ही असूनही कोणी दुर्लक्ष करत असेल, तर नाराजी जरूर सांगावी; मात्र ती चारचौघांत नव्हे, तर एकट्याला गाठून आणि पर्यायी वस्तूचे नाव, किंमत व दुकान सांगून. छोट्या दुकानदाराने आधीच पैसे मोजून भरलेला माल त्याला विकून संपवू द्यावा आणि पुढच्या खरेदीविषयी बोलावे.