‘-शन’चे शब्द फुकट मिळतात म्हणून... या चुका टाळा

जर्मन, फ्रेंच शिकायला बसलं की ‘-शन’वाले शब्द पाहून जीव भांड्यात पडतो. इंग्रजीतलं नेशन फ्रेंचमध्ये नासिओं, जर्मनमध्ये नात्सिओन, इटालियनमध्ये नात्सिओने, रशियनमध्ये नात्सिया. शेकडो शब्द आयतेच पदरात पडतात. गडबड त्यानंतर सुरू होते.

सगळ्यात जास्त घोळ लिंगाचा. मराठीत ‘ते राष्ट्र’, ‘ते स्टेशन’, म्हणून जर्मनमध्येही नामाआधी लागणारं उपपद निवडताना हात आपोआप नपुंसकलिंगी ‘दास’कडे जातो. ‘-शन’ची ही नामं जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, रशियन सगळीकडे स्त्रीलिंगी आहेत: दी नात्सिओन, ला नासिओं. अपवाद वाटणारा फ्रेंच ‘बास्तिओं’ (बुरूज) पुल्लिंगी आहे, कारण तो या घराण्यातलाच नाही. तो इटालियन ‘बास्तिओने’वरून आला, आणि त्यातला ‘-ओने’ आकाराने मोठं दाखवणारा वेगळाच प्रत्यय आहे.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवरची: ‘स्टेशन हा शब्द संस्कृत स्थानावरून आला.’ नाही. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं, त्यावरून ‘स्तातिओ’ म्हणजे उभं राहण्याची जागा, पहाऱ्याचं ठाणं. तिथून फ्रेंच, इंग्रजी असं फिरत ते आपल्याकडे येऊन टेसन झालं. पण नातं अजिबात नाही असं म्हणणंही तितकंच चूक. लॅटिन ‘-तिओ’च्या पोटात जो जुना ‘-ति’ आहे, तोच संस्कृतच्या स्थिति, गति, मति यांत आहे. ‘नातिओ’चा मूळ अर्थ जन्म, मग एका कुळात जन्मलेले लोक, त्याचा आणि आपल्या ‘जाति’चा धातू एकच. ही चुलत भावंडं. एक दुसऱ्याच्या पोटी जन्मलेलं नाही.

स्पेलिंगमध्ये स्पॅनिशवाले अडतात: ‘नासिओन’ला सी, ‘विसिओन’ला एस, असं का? उत्तर लॅटिनमध्ये आहे. तिथे हे नाम भूतकाळवाचक धातुसाधिताच्या अंगावर उभं राहतं. ‘नातुस’ (जन्मलेला) मध्ये त, म्हणून नातिओ, ‘विसुस’ (पाहिलेला) मध्ये स, म्हणून विसिओ. शंका आली तर इंग्रजी स्पेलिंग आठवा: तिथे टी असेल तर स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा सी, एस असेल तर एस.

अर्थाच्या बाबतीत मात्र इंग्रजीवर विसंबू नका, इथे थेट खिशाला चाट बसते. जर्मनीत खोली भाड्याने घेताना ‘काउत्सिओन’ दिसलं तर ती सावधगिरीची सूचना नव्हे, ते डिपॉझिट आहे. कायद्याने ते मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘प्रोविझिओन’ म्हणजे सोय-सुविधा नव्हे, एजंटची दलाली. राहण्याच्या जागेसाठी 2015 पासून ती एजंटला काम सांगणाऱ्यानेच भरायची, म्हणजे बहुधा घरमालकाने. फ्रान्समध्ये ‘लोकासिओं’ची पाटी ठिकाण दाखवत नाही, तिथे काहीतरी भाड्याने मिळतं. गंमत म्हणजे फ्रेंच अर्थाची मुळं खोल आहेत: रोमन कायद्यात भाडेकराराला ‘लोकातिओ कोन्दुक्तिओ’ म्हणत. फ्रेंच ‘देसेप्सिओं’ फसवणूक नाही, अपेक्षाभंग. इटालियन ‘एदुकात्सिओने’ बहुतेकदा शिक्षण नाही, वळण: कुणाला ते नाही म्हटलं, तर डिग्री नव्हे, संस्कार काढलेत असं समजा.

राहता राहिला जर्मन ‘-उंग’ हा प्रत्यय. अर्थ सारखा, लिंग स्त्रीलिंगीच, म्हणून लोक त्याला ‘-शन’चं जर्मन रूप समजतात. तो लॅटिनचा नाही, अस्सल जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातला), इंग्रजी ‘-इंग’चा नातलग. दोन्ही एकाच क्रियापदाला लागले तर अर्थही फुटतो: ‘ऑर्गानिझात्सिओन’ म्हणजे संस्था किंवा तिची रचना, ‘ऑर्गानिझीरुंग’ म्हणजे संघटित करण्याची क्रिया. अर्जात ‘मी अमुक संस्थेत काम करतो’ लिहिताना ‘ऑर्गानिझीरुंग’ चालणार नाही.