ब्लेझार भडकला म्हणजे न्यूट्रिनोचा उगम सापडला? या चुका टाळा

२२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या शोधयंत्राने सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ विनाअडथळा जाणारा, विद्युतभार नसलेला कण) टिपला. त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार (मधल्या महाकाय कृष्णविवराकडून निघालेला कणांचा झोत आपल्या दिशेने रोखलेली दीर्घिका) होता आणि फर्मी उपग्रहाला तो तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला दिसत होता. पुढे ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनाही तो दिसला. शोध विलक्षणच आहे. पण त्यावरून ‘भडका म्हणजे न्यूट्रिनो’ असं समीकरण मांडणं ही सगळ्यात मोठी चूक.

प्रोटॉन प्रकाशकणांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. भारित पायॉनांपासून न्यूट्रिनो मिळतात, उदासीन पायॉनांपासून गॅमा किरण. मात्र ब्लेझारच्या झोतातले इलेक्ट्रॉनही साध्या प्रकाशकणांना ऊर्जा देऊन गॅमा किरण बनवतात आणि त्यात न्यूट्रिनो अजिबात निघत नाहीत. म्हणजे भडक्यामागे प्रोटॉन असतीलच असं नाही.

गॅमा किरण शांत आहेत म्हणून स्रोत यादीतून खोडू नका. ज्या दाट प्रकाशात न्यूट्रिनो भरपूर बनतात, तोच गॅमा किरणांना गिळतो; ती ऊर्जा मग क्ष-किरणांसारख्या खालच्या पट्ट्यांत बाहेर पडते. याच ब्लेझारच्या दिशेने २०१४-१५ मध्ये पार्श्वभूमीपेक्षा साधारण १३ न्यूट्रिनो जास्त आल्याचं जुन्या नोंदींत सापडलं, आणि त्या काळात फर्मीला मोठा भडका दिसला नव्हता! माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी नोंद हीच. म्हणून गॅमा आलेखाशेजारी त्याच काळातल्या क्ष-किरणांच्या नोंदी ठेवाव्यातच.

दिशेची अचूकताही आधी पाहा. न्यूट्रिनोच्या टकरीतून निघालेल्या म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) लांब रेघ उमटली तर दिशा एक अंशाच्या आत कळते. नुसता गोलसर झगमगाट असेल तर चूक दहा-पंधरा अंशांची होऊ शकते आणि एवढ्या आकाशात एखादा ब्लेझार सापडतोच. शिवाय बरेच न्यूट्रिनो पृथ्वीच्या वातावरणातच जन्मतात. २०१७ चा न्यूट्रिनो खरोखर दूरच्या अवकाशातला असण्याची शक्यता साधारण ५६ टक्के धरली होती, आणि भडक्याशी जुळलेला योग ३ सिग्माच्या आसपासचा होता, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता कमी, पण शून्य नाही. त्याला पुरावा म्हणा, सिद्धता नको.

दूरच्या ब्लेझारचे टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण वाटेतल्या अवरक्त प्रकाशात शोषले जातात. ती दुरुस्ती न करता वर्णपट जुळवू नका.

एका ब्लेझारवरून सगळ्यांचा हिशोबही करू नये. फर्मीच्या यादीतल्या ब्लेझारांचा वाटा आइसक्यूबच्या एकूण वैश्विक न्यूट्रिनोंत फार तर २७ टक्के असेल, असं एका विश्लेषणात निघालं. २०२२ मध्ये न्यूट्रिनोंचा स्रोत म्हणून ठळकपणे पुढे आलेली एनजीसी १०६८ ही दीर्घिका तर ब्लेझार नाहीच.