यात्रेचं मैदान भरवण्याआधी पैलवानांच्या मानेसाठी करायची तयारी

यात्रेच्या कुस्त्या ठरल्या की कमिटीचा सगळा वेळ इनामाची वर्गणी, पोस्टरवरचे फोटो आणि पाहुण्यांचे फेटे यांत जातो. पैलवानाच्या मानेचं काम मात्र कुणाकडेच नसतं. 2018 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या मैदानात लढतीत एका तरुण पैलवानाच्या मानेला मार बसला आणि उपचार चालू असतानाच तो गेला. म्हणून पहिल्याच बैठकीत या कामासाठी एक माणूस नावानिशी नेमा आणि त्या दिवशी त्याला दुसरं काहीही सांगू नका.

सुरुवात मातीपासून करा. आदल्या दिवशी आखाडा खणून, माती चाळून, खडे वेचून घ्या आणि पाणी मारून ती मऊ ठेवा. फावडं वीतभर सहज आत गेलं पाहिजे. फक्त मधली माती बघून समाधान मानू नका, कडेने फिरा. पैलवान बऱ्याचदा ढकलाढकलीत कडेलाच पडतात आणि तिथेच दगड, खांब, स्पीकरचे खोके आणि मोबाईल धरून बसलेली पोरं असतात. हे सगळं दोन-तीन पावलं मागे हटवून दोर बांधा.

जोड लावताना वजनकाटा हवाच. हातात हात देऊन नजरेने जोड लावायची आपली जुनी रीत आहे, पण वजनात आणि तयारीत मोठा फरक असला की उचलून टाकलेल्या पोराला सावरता येत नाही. प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: याआधी मानेला मार बसून हाताला मुंग्या आल्या होत्या का? आल्या असतील आणि डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं नसेल, तर त्याचा नारळ-फेटा देऊन सत्कार करा, कुस्ती लावू नका.

पंचांशी आदल्या संध्याकाळीच बोलून घ्या. मान सरळ असताना तिला थोडा बाक असतो आणि त्यामुळे धक्का झेलला जातो. डोकं पुढे झुकलं की तो बाक निघून जातो. मग टाळू जमिनीवर आदळली की अंगाचा सगळा भार सरळ मणक्यांवर येतो आणि मणका फुटू शकतो. म्हणून पट काढताना, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरताना, डोकं वर ठेवायचं, हे वस्तादांनी पोरांना रोज सांगावं. समोरच्याला उचलून डोक्यावर आपटणं किंवा मान पिळणं दिसताच पंचांनी त्याच क्षणी शिट्टी मारावी, प्रेक्षकांनी कितीही आरडाओरडा केला तरी. नियमाने फरक पडतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोकं भाल्यासारखं पुढे करून भिडण्यावर 1976 मध्ये बंदी आली. त्या हंगामात मानेच्या दुखापतीने चारही हातपाय लुळे पडल्याच्या 34 घटना नोंदल्या गेल्या होत्या, 1984 मध्ये त्या 5 वर आल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैलवान पडला आणि उठत नाही, की चार जण धावतात, काखेत हात घालून त्याला बसवतात, कुणी पाणी पाजतं, कुणी ‘मान उतरली’ म्हणून ओढून बसवायला जातो. हाड मोडलेलं असलं, तरी त्याच्या आतली मज्जारज्जू तोवर शाबूत असू शकते. या ओढाताणीत तीही जायची. म्हणून पाच जणांची तालीम आधी घ्या. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरायचं आणि रुग्णवाहिकेतले लोक ताबा घेईपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्याने त्याच्याशी बोलायचं: बोटं हलतात का, पायाला स्पर्श कळतो का, श्वास नीट येतो का. उलटी झालीच तर डोकं धरणाऱ्याच्या हुकमावर पाचांनी मिळून त्याला ओंडक्यासारखा एकसंध कुशीवर वळवायचा. श्वास थांबला, तर मात्र मानेची भीती बाजूला ठेवून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास घ्यायचा पडदा, मानेच्या वरच्या मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा चालवतात, त्यामुळे तिथे मार बसला की श्वास थांबू शकतो. ही तालीम जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर करा, हात कुठे धरायचे ते त्यांच्याकडून शिका.

पाणी नाही, मालीश नाही, जीपची मागची सीट नाही. मानेचा पट्टा आणि कडक स्ट्रेचर असलेली रुग्णवाहिका पहिल्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत मैदानाशेजारी उभी हवी. पैसे पुरत नसतील तर एक इनामी कुस्ती कमी करा. 108 ला लावायचा फोन कुणी करायचा तेही ठरवून ठेवा. सीटी स्कॅन आणि मेंदू-मणक्याचे सर्जन असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते आधीच विचारून त्याचा नंबर हलगीवाल्यापासून निवेदकापर्यंत सगळ्यांकडे द्या. पाळणे आणि खेळण्यांची दुकानं लागतात तो रस्ता गाडीपुरता मोकळा ठेवा.

निवेदकाला एवढंच सांगून ठेवा: कुणी पडून राहिला की हलगी बंद, पुढची जोड बोलवायची नाही आणि तालीम घेतलेले पाच जण, रुग्णवाहिकेतले लोक आणि घरचे यांच्याशिवाय कुणालाही दोराच्या आत येऊ द्यायचं नाही.