रेंडरमध्ये लाईट फिटिंगची नको ती सावली पडतेय? ती शोधायची कशी आणि घालवायची कशी

खोलीचा थ्रीडी सीन तयार झाला, मटेरियल लावून झाली, सगळे लाईट पेटवले आणि रेंडर, म्हणजे त्यावरून संगणकाने काढलेलं चित्र, बघतो तर छतावर झुंबराच्या दांड्यांचे काळे पट्टे पसरलेत, नाहीतर लॅम्पशेडच्या खाली गोल काळा डाग, नाहीतर बल्ब झगझगीत दिसतोय पण खोली मात्र अंधारात. अशा वेळी बहुतेकजण पहिलं काय करतात तर त्या लाईटच्या सेटिंगमध्ये जाऊन शॅडोचा टिक काढून टाकतात. सावली जाते, खरंय. पण तो लाईट आता भिंतीला, स्लॅबला, कपाटाच्या दाराला कशालाच जुमानत नाही, आरपार जातो, शेजारच्या खोलीत उजेड पडतो, टेबलाखालची सावली गायब होते आणि टेबल हवेत तरंगल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: लाईटची सावली बंद करू नका, जी वस्तू त्याच्या आड येतेय तिची बंद करा. बाकी सगळं ते कसं करायचं एवढंच आहे.

१. आधी गुन्हेगार पकडा

अंदाजाने सेटिंग हलवत बसलात तर दिवस जाईल. रेझोल्यूशन कमी करा, जिथे सावली दिसतेय तेवढाच भाग रीजन रेंडरला (चित्राचा निवडलेला तुकडाच रेंडर करण्याची सोय) लावा आणि एकेक लाईट बंद करत जा. सुरुवात सूर्यापासून करा, कारण पुष्कळदा खिडकीतून आलेल्या उन्हात लटकणाऱ्या दिव्याची सावली भिंतीवर पडलेली असते आणि आपण उगाच त्या दिव्याच्या मागे लागलेले असतो. व्ही-रे आणि कोरोना या रेंडर इंजिनांमध्ये लाईटमिक्स आहे, ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ३.२ आवृत्तीपासून लाईट ग्रुप आलेत, म्हणजे एकदाच रेंडर करून मग प्रत्येक लाईटचा हिस्सा वेगळा बघता येतो, परत परत रेंडर करायची गरज नाही.

लाईट सापडला की फिटिंगचं मॉडेल हाईड करा, लाईट तसाच ठेवा आणि परत बघा. सावली गेली तर भानगड फिटिंगच्या जिओमेट्रीत आहे. राहिली तर दुसरंच काहीतरी आड येतंय, आणि त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे सावलीच्या कडेपासून लाईटपर्यंत एक सरळ रेघ मारा, ती रेघ ज्या वस्तूला घासून जाते तीच सावली पाडतेय. पडद्याचा रॉड, फॉल्स सिलिंगची पट्टी, पंख्याचं पातं, काहीही निघू शकतं. पंखा निघाला तर सेटिंगमध्ये काही करू नका, स्टिल इमेज असेल तर पातं थोडं फिरवा, संपलं.

२. लाईट नेमका कुठे बसलाय ते बघा

निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटतात असा माझा अनुभव. व्ह्यू वायरफ्रेमवर टाका किंवा सेक्शन कापा आणि लाईटचा बिंदू फिटिंगच्या तुलनेत कुठे आहे ते जवळ जाऊन बघा.

डाउनलाईट असेल तर लाईट छताच्या वर गेलेला असतो. मॉडेलमध्ये छताला भोक पाडलेलं नसतं, फक्त डाउनलाईटची रिंग छतावर चिकटवलेली असते, मग लाईट बिचारा स्लॅबच्या आत पेटलेला. किंवा भोक आहे पण लाईट इतका खोल आहे की रिंगच्या कडेने तो कापला जातो आणि भिंतीवर वरच्या बाजूला चाकूने कापल्यासारखी रेघ येते. दोन्हीवर इलाज एकच, लाईट रिंगच्या खाली एक-दोन सेंटीमीटर आणा. छताच्या अगदी बरोबरीच्या पातळीवर मात्र ठेवू नका, दोन पृष्ठभाग एकाच उंचीवर आले की काळे ठिपके आणि चट्टे येतात, थोडी फट लागतेच.

बल्बचं मॉडेल असेल आणि त्याच्या पोटात पॉइंट लाईट असेल तर बल्बची काचच सगळा प्रकाश अडवते. ओळखायची खूण सांगतो: लाईटला ८०० ल्यूमेन दिलेत, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड पडायला हवा, बल्ब छान चमकतोय कारण त्याला एमिसिव्ह (स्वतःच चमकणारं) मटेरियल आहे, पण खोलीत काही पडत नाही. लोक मग आकडा वाढवत वाढवत ८० हजारावर नेतात. आकडा मूळ जागी आणा आणि आड येणारा बल्ब बाजूला करा.

रेव्हिटमध्ये लाईटची जागा फॅमिलीच्या, म्हणजे त्या फिटिंगच्या मूळ मॉडेल फाईलच्या, आत ठरलेली असते, त्यामुळे प्रोजेक्टमध्ये कितीही ओढाताण केली तरी फिटिंगसकट सगळं हलतं. फॅमिली एडिटरमध्ये उघडून लाईट सोर्स शेडच्या खाली आणावा लागतो. चीफ आर्किटेक्टमध्ये फिक्स्चरच्या डायलॉगमध्ये लाईट डेटा म्हणून पॅनेल आहे, तिथून लाईट सरकवता येतो.

३. लाईट हलवता येत नसेल तर वस्तूची सावली बंद करा

टेबल लॅम्पमध्ये बल्ब आतच हवा, झुंबराचे दिवे दांड्यांवरच हवेत, तिथे लाईट बाहेर आणला तर खोटं दिसतं. मग फिटिंगचा जो तुकडा अडवतोय तेवढ्याची सावली काढायची.

थ्रीडीएस मॅक्समध्ये वस्तूवर राईट क्लिक करून ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये कास्ट शॅडोज काढता येतं, पण ते सगळ्या लाईटांसाठी जातं. फक्त एका लाईटपुरतं हवं असेल तर त्या लाईटच्या एक्स्क्लूड लिस्टमध्ये वस्तू टाका, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी हमखास नजरेतून सुटते: त्या डायलॉगमध्ये इल्युमिनेशन, शॅडो कास्टिंग आणि बोथ असे तीन पर्याय असतात. बोथ निवडलंत तर त्या लाईटचा उजेड शेडवर पडणंच बंद होतं आणि खोली उजळ पण दिव्याची शेड काळीकुट्ट असं विचित्र चित्र येतं. फक्त शॅडो कास्टिंग निवडा.

ब्लेंडरमध्ये सायकल्स वापरत असाल तर ऑब्जेक्ट प्रॉपर्टीज, मग व्हिजिबिलिटी, मग रे व्हिजिबिलिटी, तिथला शॅडोचा टिक काढा. हेही सगळ्या लाईटांना लागू होतं. एका लाईटपुरतं करायचं तर ब्लेंडर ४.० पासून शॅडो लिंकिंग आलंय, लाईट सिलेक्ट करून त्याच्या शेडिंग पॅनेलमध्ये मिळेल. अनरिअल इंजिनमध्ये मेशच्या (वस्तूच्या मॉडेलच्या) डीटेल्समध्ये कास्ट शॅडो आहे.

सगळंच्या सगळं फिटिंग सावलीतून काढून टाकायचा मोह होतो, तो आवरा. काच, शेडचा आतला भाग, दांड्या एवढंच काढा. छताला चिकटलेली वाटी आणि लोंबती वायर यांची थोडीशी सावली राहू दे, नाहीतर दिवा छताला टांगलेला न वाटता फोटोशॉपमध्ये चिकटवल्यासारखा वाटतो.

झुंबराचं मी वेगळंच करतो. आठ-दहा दिवे, प्रत्येकाची प्रत्येक दांडीवर सावली, छतावर नुसतं जाळं. तिथे बल्बना फक्त चमकण्यापुरतं एमिसिव्ह ठेवायचं आणि खरा उजेड झुंबराच्या जरा खाली ठेवलेल्या एका मोठ्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोल लाईटने द्यायचा, आणि त्या लाईटच्या एक्स्क्लूड लिस्टमध्ये झुंबर सावलीपुरतं टाकायचं. खोलीत आरसा किंवा चकचकीत फरशी असेल तर तो अदृश्य गोळा प्रतिबिंबात दिसतो, म्हणून व्ही-रेत अफेक्ट रिफ्लेक्शन्स पण काढा.

४. काच आणि कापडी शेड

काचेच्या गोळ्यात लाईट ठेवला की सायकल्समध्ये काचेची सावली जवळजवळ काळी पडते, कारण काचेतून जाणारा प्रकाश तिथे कॉस्टिक (काचेतून वळून एकवटणारा प्रकाश) म्हणून मोजला जातो आणि तो एकतर बंद असतो नाहीतर दाणेदार येतो. उपाय म्हणजे मटेरियलमध्ये लाईट पाथ नोड घ्या, त्यातलं इज शॅडो रे हे मिक्स शेडरच्या फॅक्टरला जोडा, खालच्या सॉकेटला ट्रान्सपरंट लावा, वरच्याला तुमची काच. डोळ्याला काच तशीच दिसते, सावलीला मात्र ती नसल्यासारखी. व्ही-रेत हेच काम रिफ्रॅक्शनमधल्या अफेक्ट शॅडोजने होतं.

कापडी किंवा कागदी शेडला साधं अपारदर्शक मटेरियल असेल तर ती शेड म्हणजे पत्राच. ब्लेंडरमध्ये ट्रान्सलुसंट, व्ही-रेत टू-साइडेड मटेरियल लावा, शेड आतून उजळते आणि बाहेरची सावली आपोआप मऊ होते.

५. आयईएस फाईल असेल तर

हे फार कमी जण लक्षात घेतात. आयईएस फाईल म्हणजे दिव्याचा प्रकाश कुठल्या दिशेला किती जातो याच्या मोजमापाची फाईल. त्यातलं मोजमाप बहुतेक वेळा अख्ख्या फिटिंगचं असतं, म्हणजे शेड, रिफ्लेक्टर, काच या सगळ्यांनी प्रकाशाचं जे काही केलं ते त्या आकड्यांत आधीच आलेलं असतं. तोच लाईट तुम्ही परत शेडच्या मॉडेलमध्ये ठेवलात तर शेड दोनदा कापते, झोत अरुंद होतो आणि कडेला काळी रेघ येते. आयईएस लाईट फिटिंगच्या तोंडाशी किंवा किंचित बाहेर ठेवा आणि फिटिंग त्याच्यापुरतं सावलीतून वगळा.

६. सावली बरोबर आहे पण फार कडक आहे

कधीकधी सावली पडायला हवीच असते, फक्त ब्लेडसारखी धारदार नको असते. धार लाईटच्या आकारावर ठरते: लाईट जितका मोठा आणि वस्तूला जितका जवळ तितकी कडा मऊ. घरातला नेहमीचा बल्ब साधारण ६० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या ०.०३ मीटर. लाईटचा रेडियस शून्य असेल तर असा दिवा जगात कुठेच नसतो, त्यामुळे सावलीही खोटी दिसते.

आणि युनिट तपासा, प्लीज. फाईल मिलिमीटरमध्ये असेल आणि तुम्ही ०.०३ टाइप केलंत तर तो लाईट हजारपट लहान झाला, मग सावली मऊ होईलच कशी?

एका खुर्चीच्या चार दिशांना चार सावल्या पडत असतील तर ते वरच्या चार डाउनलाईटचं काम आहे, आणि तसं प्रत्यक्षातही होतं, पण चित्रात गबाळं दिसतं. रेडियस वाढवा, एक लाईट मुख्य ठेवून बाकीचे थोडे मंद करा. अनरिअलमध्ये स्टेशनरी (जागेवरून न हलणारे) लाईट वापरत असाल तर एका जागी चारच्या वर ओव्हरलॅप चालत नाहीत, पाचव्याच्या आयकॉनवर लाल फुली येते.

७. जी सावली नाहीच किंवा जी असायलाच हवी

भिंतीवर सारख्या अंतरावर बारीक पट्टे दिसले तर ती सावली नाही, अनरिअलसारख्या रिअलटाईम इंजिनमधला शॅडो बायस (सावली पृष्ठभागापासून किंचित दूर सरकवणारा आकडा) कमी पडलाय. तो वाढवा, पण फार वाढवलात तर सावली वस्तूपासून सुटून लांब पडते. कोपऱ्यात मळकट ढग दिसत असतील तर ते जीआयचे (भिंती-फरशीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या हिशोबाचे) सॅम्पल कमी आहेत, लाईटला हात लावू नका.

आणि भिंतीजवळच्या डाउनलाईटने पडणारी कमान, किंवा गोल शेडच्या लॅम्पने मागच्या भिंतीवर वर-खाली उमटणारा उघड्या वक्राचा आकार, हे दोष नाहीत. गोल तोंडातून निघालेला प्रकाशाचा शंकू सरळ उभ्या भिंतीने कापला की हायपरबोलाच येतो, खऱ्या खोलीत पण येतो. क्लायंट म्हणाला काढा तर काढा, पण मी तरी आधी एकदा ठेवून दाखवतो.

सगळं जमलं की ते फिटिंग, त्याचा लाईट, त्याच्या शॅडोच्या सेटिंग हे सगळं एकत्र ग्रुप करून लायब्ररीत सेव्ह करा. एक्स्क्लूड लिस्ट लाईटसोबत आली की नाही हे नव्या सीनमध्ये एकदा उघडून बघा, मर्ज करताना ती बऱ्याचदा रिकामी होते.