कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी हवेची गळती शोधा

कार्बोरेटरवाला (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग असलेला) जुना ट्रक रेस दिली की बरा चालतो, पण पाय काढला की थरथरतो, मिसिंग करतो, बंद पडतो. बहुतेक जण लगेच आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू पिळायला घेतात. तो आधी मुळीच फिरवू नका. कुठून तरी जास्तीची हवा खेचली जात असेल, तर सेटिंग बसणारच नाही.

१. इंजिन नीट तापू द्या. चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडलाय ना, तेवढं बघा आणि इंजिन आयडलवर चालू ठेवा.

२. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचे) जोड, व्हॅक्यूम पाइपांची (इंजिनाची हवेची ओढ पुढे नेणाऱ्या रबरी नळ्यांची) टोकं अशा एकेका जागी थोडं थोडं मारा आणि दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. पाणी पडताच आवाज बदलला, की गळती तिथेच. रबरी पाइप वरून धड दिसतो, म्हणून टोक वाकवून खालची बाजूही बघा. चीर बरेचदा तिथे लपलेली असते. पाइप लांबीला पुरत असेल, तर चिरलेलं टोक कापून परत बसवलं तरी तात्पुरतं भागतं.

३. ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या ओढीवर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याचा) पाइप कापड गुंडाळून पक्कडीने हलकेच दाबा. थरथर थांबून इंजिन एकसारखं चालू लागलं तर गळती बूस्टरच्या बाजूला आहे. ती दुरुस्त झाल्याशिवाय ट्रक रस्त्यावर काढू नका, प्रश्न ब्रेकचा आहे.

पाण्याऐवजी कार्बोरेटर क्लीनर मारू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर तो पेट घेतो. डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) आणि प्लगच्या वायरी कोरड्या ठेवा, बाह्या पंख्यापासून लांब.