फॅटची पावती आणि गाईचे यकृत : सूक्ष्म खनिजे देताना या चुका टाळा

डेअरीच्या पावतीवर फॅट घसरले की अनेक पशुपालक त्याच संध्याकाळी क्षार मिश्रणाची पिशवी आणतात आणि फॅट पुन्हा लागू लागले की ती बंद करून ठेवतात. पहिली चूक येथेच होते. दुधातील फॅट मुख्यतः कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात) चोथा पचताना तयार होणाऱ्या ॲसेटिक आम्लापासून आणि रक्तातून कासेत येणाऱ्या स्निग्धाम्लांपासून बनते. त्यामुळे फॅट कमी लागत असेल तर आधी वैरण आणि खुराक यांचे प्रमाण तपासावे. क्षार मिश्रणातील कोबाल्ट, तांबे, सेलेनियम यांसारखी खनिजे फॅट वाढवण्याचे औषध नाहीत. जनावर अंगातील चरबी कशी वापरते आणि ती वापरताना यकृत कसे टिकते, हे मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण ती आनंदाच्या रूपात येते. व्यायल्यानंतर आठ-दहा दिवसांत संकरित गाईच्या दुधाला एरवीच्या 3.5 ऐवजी एकाएकी 5 फॅट लागू लागले, तर समाधान मानण्याआधी गाय खुराक टाकून नुसता कडबा चघळते का, तिची हाडे झपाट्याने वर आली आहेत का आणि तिच्या श्वासाला गोडसर, नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो का, हे पाहावे. ही किटोसिसची लक्षणे असू शकतात. दूध वाढते, पण भूक त्या मानाने वाढत नाही, म्हणून अंगावरची चरबी विरघळून काही कासेत उतरते आणि बरीचशी यकृतात जाते. रवंथ करणाऱ्या जनावराला खाद्यातून ग्लुकोज फारसे मिळत नाही. कोटीपोटातील प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतच ते बनवते, त्या प्रक्रियेला बी-12 जीवनसत्त्व लागते आणि कोबाल्ट असेल तरच कोटीपोटातील सूक्ष्मजीव ते जीवनसत्त्व तयार करू शकतात. गरज अगदी अल्प, म्हणजे एक किलो कोरड्या खाद्यात सुमारे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम, पण रोजची आहे. किटोसिस झाल्यावर मिश्रणाची मूठ वाढवून उपयोग होत नाही. तेव्हा पशुवैद्यकाला बोलावणेच योग्य. मिश्रण भाकड काळातही (गाय दूध देत नसतानाही) नियमित द्यावे आणि गाय व्यायच्या वेळी फार लठ्ठ होऊ देऊ नये.

सेलेनियम जीवनसत्त्व ई सोबत पेशींतील चरबीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते, म्हणून काही जण मिश्रण, यकृताचे टॉनिक आणि इंजेक्शन तिन्ही एकदम देतात. गरज कोरड्या खाद्याच्या किलोमागे सुमारे 0.3 मिलिग्रॅम आहे. दीर्घकाळ 5 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास केस गळतात आणि खूर बिघडतात. तिन्हींच्या लेबलांवरील सेलेनियमची बेरीज केल्याशिवाय काहीही जोडू नये.

मेंढ्यांच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन : गाईंचे मिश्रण त्यांना देऊ नका. मेंढीच्या यकृतात तांबे महिनोन्महिने साचत राहते आणि एखाद्या ताणाच्या दिवशी ते एकदम रक्तात उतरते. लघवी लालसर-तपकिरी होते, डोळे पिवळे पडतात आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. गाईंत नेमके उलटे घडू शकते. मळी जास्त दिल्यास किंवा बोअरच्या पाण्यात सल्फेट जास्त असल्यास गंधक तांब्याला अडवते आणि पिशवीवर पुरेसे लिहिलेले तांबे अंगी लागत नाही.

साठवणही पाहावी. पावसाळ्यात गोठ्याच्या कोनाड्यात उघडी ठेवलेली पिशवी ओल धरते, तिचा दगड होतो, दमट हवेत आयोडीन उडून जाते आणि मग दगडाने फोडलेला खडा कोणाच्या वाट्याला किती आला, याचा हिशेब राहत नाही. मोठ्या गाईला साधारण 50 ते 100 ग्रॅम, दुधाच्या प्रमाणात आणि खुराकात नीट कालवून द्यावे. ज्या वाटीने रोज मिश्रण देता, ती एकदा भरून काट्यावर मोजून पाहा आणि 50 ग्रॅमची खूण वाटीवरच करून ठेवा.